उचलून बघणारे अण्णा

आमचे घरमालक अण्णा उचलून बघितल्याशिवाय कुठलीही वस्तू विकत घेत नसत. कुकर, खुर्ची, छत्री, नारळ, नातीचं दप्तर, काहीही. दुकानदार मालाचे गोडवे गात असायचा आणि अण्णा डोळे मिटून वस्तू हातात तोलत उभे. मग ती खाली ठेवून एकच शब्द. "सरी" म्हणाले की ठरलं, "बेडा" म्हणाले की नको. त्यावर अपील नव्हतं.

माझी त्यांची ओळखही या सवयीपायीच झाली. मी पुण्याहून नोकरीसाठी या कानडी शहरात नुकताच आलो होतो, बनशंकरीत घर शोधत होतो, आणि कोपऱ्यावरच्या गाडीशी उभा राहून कलिंगडं वाजवून बघत होतो. मागून आवाज आला, "वाजवून काय कळतंय? ढोल घ्यायचाय काय? उचलून बघा. आकाराच्या मानानं जड लागलं तर घ्या, हलकं लागलं तर आत काही नाही." चक्क मराठी! त्यांचं घराणं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थायिक झालेलं. मराठी घरात बोलायची, तीही कानडी फोडणी दिलेली. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या वरच्या मजल्यावरचा भाडेकरू झालो आणि आठवड्याभरात 'तुम्ही'चा 'तू'.

अण्णा एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. अक्का, म्हणजे त्यांची बायको, गेल्यापासून त्यांचा जीव दोनच गोष्टींत होता, नात आणि तळं. शहराबाहेर तासाभरावर एक जुनं तळं होतं. तिथल्या मासेमारीच्या कंत्राटदाराशी त्यांची दोस्ती, त्यामुळे काठावर त्यांची दोन माणसांपुरती छोटी फायबरची बोट ठेवलेली असे. दर रविवारी पहाटे गळ घेऊन निघायचे. मासे कधी मिळायचे, कधी नाही. "घरात सारखं विचारतात, अण्णा गोळी घेतली काय, अण्णा स्वेटर घातला काय," ते म्हणायचे. "माशांना माझी काही पडलेली नाही. बरं वाटतं."

पंचाहत्तरीला आले आणि उजवा खांदा कुरकुरायला लागला. डॉक्टरांनी वल्हं मारायला साफ बंदी केली. मुलगा माधव एकच वाक्य बोलला, "बोटीला मोटर बसवा, नाहीतर बोट विका." तो वाईट माणूस नव्हे. बापाची काळजी होती त्याला. पण त्या वाक्यानं अण्णांचा चेहरा असा पडला की मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, "मोटरीचं माझ्यावर सोपवा."

कुणी सांगितलं होतं मला? पण आम्हा आयटीवाल्यांना जिथे तिथे एक्सेल उघडायची खाज असते. ट्रोलिंग मोटर म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला अडकवायची, बॅटरीवर चालणारी, आवाज न करणारी मोटर, इतकंही मला आदल्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. पण तीन आठवड्यांत मी तज्ज्ञ झालो. व्हाइटफील्डहून परतताना कॅबमध्ये दोन दोन तास परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघायचो. चौदा रकान्यांचा तक्ता केला. जोर किती, दांडा केवढा, पुढे जायचे वेग किती, मागे यायचे किती. अण्णांच्या तळ्यावर मात्र एकदाही गेलो नाही. तसा रकानाच नव्हता.

अण्णांनी स्वतः मार्केटजवळच्या गल्लीत एक दुकान हुडकून काढलं होतं. मलाही घेऊन गेले. तिथे एक लहानशी मोटर होती, तिला एकच छोटी बॅटरी पुरायची. अण्णांनी डाव्या हातानं मोटर उचलली, मग बॅटरी उचलली, डोळे मिटले आणि म्हणाले, "सरी. हीच."

आणि मी दीडशहाणा म्हणालो, "अण्णा, ही खेळण्यातली आहे. वारा सुटला तर तळ्याच्या मधोमध अडकाल. एकदाच घ्यायची तर नीट घेऊ."

"माझं तळं केवढं, बोट केवढी! साकु रे, एवढी पुरते."

"पण उद्या जास्त जोर लागला तर?"

त्यांनी ती मोटर जरा वेळ तशीच हातात धरून ठेवली. मग खाली ठेवली. रात्री मी त्यांना माझा तक्ता दाखवला. त्यांनी सगळा ऐकून घेतला आणि एकच प्रश्न विचारला, "वजन किती?"

"पंधरा किलो फक्त," मी ऐटीत सांगितलं. ते मोटरीचं वजन होतं. त्या मोटरीला दोन मोठ्या बॅटऱ्या लागत. एकेक तीस किलोची. वेबसाइटवर अगदी तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की बॅटरी सोबत मिळणार नाही, आणि मी तिथपर्यंत कधी गेलोच नव्हतो. आयुष्यात पहिल्यांदा अण्णांनी न उचलता एक वस्तू घेतली. माझ्या भरवशावर.

बॅटऱ्या घरी आल्या. चार्ज करायला त्या दर वेळी तळ्यावरून घरी आणाव्या लागणार होत्या. अण्णांनी एकीला हात लावून बघितला आणि मागे घेतला. मीच घाईघाईनं म्हणालो, "मी आहे ना उचलायला! दर रविवारी येईन." पहिले दोन रविवार गेलोही. पहिल्या दिवशी बोट वल्ह्याशिवाय निघाली तेव्हा अण्णा लहान पोरासारखे हसले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पुणेकर, पास झालास!" त्या थापेची आठवण आजही मला नको वाटते.

तिसऱ्या रविवारी माझं ऑफिसचं काम निघालं. काम म्हणजे काय, एक मीटिंग. मी नसतो तरी तिचं काही अडलं नसतं, पण साहेबांना नाही म्हणायची छाती नव्हती. अण्णांना म्हटलं, "तुम्ही टेम्पोनं पुढे व्हा, मी दहापर्यंत पोचतो." दहाला फोन केला, "अर्धा तास, अण्णा." अकराला परत तेच. टेम्पोवाला बॅटऱ्या काठावर ठेवून केव्हाच निघून गेला होता. ऊन चढायला लागलं. काठापासून बोटीपर्यंत चार पावलं. पहिली बॅटरी अण्णांनी उचलून नेली. दुसरीला खांदा गेला.

खांदा वाचावा म्हणून मोटर घेतली होती हो! त्याच मोटरीनं तो खाल्ला. मोटरीनं कशाला, मी खाल्ला.

कंत्राटदाराच्या माणसानं त्यांना घरी आणलं. घरी त्यांनी सांगितलं की काठावरच्या शेवाळावर घसरलो. कळल्यावर मी धापा टाकत घरी पोचलो तेव्हा त्यांना दवाखान्यात न्यायला माधव गाडी काढत होता. मला बघून अण्णा हळूच म्हणाले, "बॅटरीचं बोलू नको. तो तुला उगीच बोलेल." आणि मला हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे. त्यांच्या हाताकडे बघायच्या आधी मला स्वतःची सुटका झाल्याचं हायसं वाटलं.

शस्त्रक्रिया झाली, पण हात छातीच्या वर येईना. महिन्याभरात बोट विकली गेली, तिच्याबरोबर मोटरही. माधव मला म्हणाला, "तुम्ही अण्णांसाठी फार केलंत. नशीबच खोटं त्यांचं." मी मान डोलावली. सांगायची याहून सोपी वेळ मिळणार नव्हती, तरी डोलावली. अण्णा रविवारी अंगणात खुर्ची टाकून बसायला लागले. आत बोलावलं तर म्हणायचे, "स्वल्प थांब." पण तिथे बसून ते करत काहीच नसत.

पुढच्या उन्हाळ्यात मी ऑफिसजवळ राहायला गेलो. रोजच्या प्रवासाचं कारण सांगितलं. निघायच्या दिवशी अण्णांसाठी काहीतरी न्यावं म्हणून कलिंगड मागवलं, मोबाइलवरून, दहा मिनिटांत घरपोच. जिना उतरतानाच हाताला कळलं की हलकं आहे. पण खाली टेम्पो उभा होता आणि कोपऱ्यावरच्या गाडीपर्यंत जायचा कंटाळा आला.

मी ते त्यांच्या समोर ठेवलं. अण्णांचा उजवा हात सवयीनं पुढे आला, अर्ध्यावर थांबला. त्यांनी तो मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"तूच सांग. कसं आहे?"

"जड आहे, अण्णा. उचलून घेतलंय."

"सरी," ते म्हणाले.

माधवच्या बायकोनं कापून आणलं. आत पांढरंफटक होतं. माझी मान वर होईना. अण्णांनी डाव्या हातानं एक फोड घेतली, सावकाश संपवली, बिया ताटलीत काढून ठेवल्या आणि म्हणाले, "गोड आहे रे."

दिवाळीच्या आधी अण्णा गेले. माधवला मी अजून काही सांगितलेलं नाही.