घरगाडीचे पाटे मी बनवले!

जावयानं आमच्या लेकीसाठी घर घेतलं, आणि त्या घराचे मागचे दोन्ही पाटे मोडलेले होते.

होय, पाटे! चाकांवर गाडीचा भार तोलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानी. घराला चाकं होती. गोव्यात कुणा गोऱ्यानं टाकून दिलेली जुनीपानी घरगाडी. आत पलंग, शेगडी, भांडी घासायची मोरी, आणि बाहेर नुसता गंज. दिनेशनं, म्हणजे ह्या जावयानं, ती ओढून आणून रामनगरात माझ्या लोहारकामाच्या भट्टीसमोर उभी केली. उभी कसली, म्हशीसारखी मागनं बसलीच होती ती! गणेशगुडीला जंगल बघायला येणाऱ्या पाहुण्यांना हिच्यातनं फिरवायचं आणि त्यावर संसार चालवायचा, असा दोघांचा बेत. त्यापायी लेकीनं, सुमननं, आपलं शिवणयंत्रसुद्धा विकलं. (मला विचारून? छे! बापाला कोण विचारतंय!)

"मामा, ह्या गाडीचे पाटे आता कुठंच मिळंनात," दिनेश म्हणाला. "बेळगावात एकजण करून देतो म्हणालाय."

माझं टाळकंच सरकलं. जंगलातली लाकडं वाहणाऱ्या लॉऱ्यांचे पाटे जन्मभर ठोकले मी, आणि माझाच जावई बेळगावला जाणार?

"जा की! पण मग त्याच गाडीत ऱ्हा. माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको!"

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण भर बाजारात चहाच्या टपरीवर उभा राहून सांगितलं, "मी बशिवलेल्या पाट्यांना परत पाना लावायची पाळी आली, तर घण विहिरीत टाकीन!"

मोडीतल्या लॉरीचे पाटे आणले, कापले, लाल केले, वाकवले, तेलात बुडवून कडक केले. आता कमान किती ठेवायची?

"अप्पा, गाडी रिकामी ठेवून माप घ्या की," सुमन म्हणाली.

"रिकामी? घर कधी रिकामं असतंय व्हय? घर माणसांसकट मापायचं!"

मग बायकोला चढवलं, तिच्या दोन बहिणींना चढवलं. (तिघींचं वजन मी लिहिणार नाही. मला घरात राहायचं आहे.) तिघींनी चढल्या चढल्या उजव्या खिडकीजवळचा पलंग धरला.

"एकजण डावीकडं सरका गं!"

"वारं हितंच येतंय," बायको म्हणाली. "तुमच्या पाट्याला सांगा सरकायला."

असं? बघतोच म्हटलं! रागाच्या भरात उजवा पाटा परत भट्टीत घातला आणि त्याची कमान अशी वाढवली, की तिघी तिथंच बसून असताना गाडी पाण्यासारखी सपाट. शेगडीवर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला. थेंब सांडला नाही. नारळ फोडला. सगळ्या बाजाराला बोलावून दाखवलं.

मग तिघी उतरल्या, आणि गाडीनं डावा खांदा पाडला.

"मामा, कलली की!"

"नवा पाटा हाय. बसंल हळूहळू!"

पहिले पाहुणे पुण्याचे, नवराबायको. गणेशगुडीहून दिग्गीकडं निघालो. दिनेश गाडी चालवायला, त्याच्या डाव्या हाताला मी (मिशीला पीळ देऊन), आणि मागं पाहुण्यांसाठी भाकरी थापत सुमन. पहिल्याच वळणावर मागं धडाधडा आवाज! आधी अंडी गेली, मग पातेलं, मग पाहुणा. पाहुणा मोरीत अडकला म्हणून वाचला, कारण डावीकडचं दार आपोआप उघडलं होतं आणि आमचा कुकर रस्त्यानं गडगडत परत गणेशगुडीला निघाला होता!

"अहो काका, हे घर कललंय!" पाहुणी ओरडली.

"घर न्हाई, रस्ता कललाय!"

"रस्ता सपाट आहे हो!"

"आमच्याकडचे रस्ते तुमाला काय कळणार!"

"आम्ही उतरतो," मोरीतनं पाहुणा म्हणाला.

पिठानं माखलेली सुमन माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी. "अप्पा, पहिलंच गिऱ्हाईक हाय माझं. पाटे खोला."

"खोलणार न्हाई!"

"मामा, बेळगावला..." दिनेशनं तोंड उघडलं.

"गप्प बस!"

पण पोरीचं ते तोंड बघवेना. उठलो, मागं गेलो, शिध्यातली तांदळाची गोणी ओढून उजव्या पलंगावर घेतली आणि गोणीला चिकटून बसलो. गाडी सपाट! दार लागलं. पाहुणा मोरीतनं निघाला. सुमननं त्याच्या हातात चहा दिला, तोही सांडला नाही.

झालं, तेव्हापासून प्रत्येक खेपेला मी. बायकोला म्हटलं, एकदा तू जा. "पाटे तुमचे, तुमीच बसा," म्हणाली. दिनेश पाहुण्यांना सगळी गाडी दाखवतो: ही शेगडी, हा पलंग, हे मामा. वर म्हणतो, "मामांना हलवू नका, ते पाट्याचाच भाग हायत!"

आणि नारळ फोडल्यापासून पाट्यांना पाना लागलेला नाही, हे बाजारातल्या सगळ्यांनी ध्यानात ठेवावं. घणही विहिरीत टाकलेला नाही. नुसती गोणी कमी पडते, म्हणून घण मांडीवर घेऊन बसतो!