काका, नीट आठवा ना

२००४ साली अमेरिकेत, ट्रॉयला माझ्या नातीच्या गळ्याची सोनोग्राफी करणारी टेक्निशियन मूळची नागपूरची. मुलांना गार लागू नये म्हणून जेलची बाटली आधी तळव्यांत धरून बसायची. स्क्रीनवर काय दिसतंय ते मात्र कधी सांगायची नाही. पहिल्या दिवशी तिने दोनदा विचारलं, "काका, फॅमिलीत कुणाला थायरॉइडचा कॅन्सर? नीट आठवा ना."

"कुणालाच नाही," मी म्हणालो.

माझी बहीण त्यानेच गेली होती. भावंडांची लग्नं अडू नयेत म्हणून घरच्यांनी ते लपवलं, आणि मी मुलापासूनही. पुढे जीनमधला एकच दोष माझ्यात, मुलात आणि नातीत सापडला. आधी कळलं असतं, तर कॅन्सर पसरण्याआधीच तिची ग्रंथी काढता आली असती.

नंतरही ती नागपूरची मुलगी मला काकाच म्हणायची. फक्त घरातलं काही विचारायचं झालं, की मुलाकडे वळायची.