ब्रेकच्या टाकीतलं पाणी

हवेत पाणी असतं हे मी नववीच्या वर्गाला दर वर्षी शिकवत होते, पण हवेतलं पाणी बाटलीत धरून मोजायची वेळ माझ्यावर अण्णांच्या बसमुळे आली. दोन हजार सहा साल असेल. मी बदलापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते आणि आई-अण्णांबरोबर चिखलोलीला एका नव्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहत होते. मागे ओळखीच्या आगरी कुटुंबाचा रिकामा प्लॉट होता. आमची बस तिथे उभी असायची, बाथरूमच्या खिडकीतून हात काढला तर लागेल इतकी जवळ.

अण्णा, म्हणजे माझे वडील, अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याची स्टाफ बस चालवायचे. सकाळी बदलापूर ते कारखाना, संध्याकाळी कारखाना ते बदलापूर, अशी तीस वर्षं. ते रिटायर झाले त्याच सुमारास कंपनीनं बसही मोडीत काढली, आणि अण्णांनी ती विकत घेतली. घरात कुणाला विचारलं नाही. बस उल्हासनगरच्या एका गॅरेजमध्ये तीन महिने राहिली आणि बिऱ्हाड होऊन बाहेर आली. मागे दोन पलंग, मध्ये ओटा, गॅसची शेगडी, भांड्यांचं कपाट, खिडक्यांना पडदे. बिल्डिंगमधले लोक तिला ‘बिऱ्हाडाची बस’ म्हणायचे, अण्णा जवळपास नसले की.

हे सगळं आईसाठी होतं. तिचे वडील छप्पन साली दीक्षेला नागपूरला गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि तापानं फणफणली होती, म्हणून तिला शेजारणीकडे ठेवून गेले. पुढे लग्न, आम्ही, तिची कंबर, असं करत नागपूर राहूनच गेलं. आता तासभरही तिला एका जागी बसवत नसे. वाटेल तेव्हा आडवं होता येईल, स्वतःच्या हातचं खाता येईल, वेरूळची लेणी बघत बघत सावकाश जाता येईल, असा अण्णांचा बेत होता. बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी बस दाखवली.

त्या ओट्यावर त्यांची खरी कमाल होती. नळ उघडला की पाणी जोरात यायचं. आईचं अर्धं आयुष्य चाळीच्या नळाखाली करंगळीएवढ्या धारेत हंडा धरून गेलेलं, म्हणून अण्णांनी गॅरेजवाल्याला सांगून ब्रेकच्या हवेची एक बारीक नळी पाण्याच्या टाकीला जोडून घेतली होती. हवा पाण्याला ढकलायची आणि पाणी नळातून उसळायचं. आईनं पहिल्यांदा नळ उघडला तेव्हा तिच्या पदरावर पाणी उडालं. ती हसत सुटली, आणि अण्णा आपल्याला काय त्याचं असा चेहरा करून बाहेर बघत राहिले.

हवेवर चालणाऱ्या ब्रेकची गंमत मला तोवर माहीत नव्हती. इंजिनवरचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढून लोखंडी टाक्यांत दाबून भरतो. दाबलेली हवा तापते, टाकीत येऊन निवते, आणि निवली की तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाला बसते. ते पाणी रोज काढलं नाही तर आतल्या झडपा गंजतात. शिवाय पाण्यानं जेवढी जागा अडवली तेवढी हवा कमी मावते, आणि ऐन वेळी ब्रेक लावायला हवाच अपुरी पडते. हे मला अण्णांनी समजावलं. त्यांना इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

तीस वर्षं ते रोज सकाळी गाडीखाली जाऊन टाक्यांच्या तळाचे कॉक, म्हणजे पाणी सोडायच्या चाव्या, उघडत आले होते. आता गुडघे वाकत नव्हते, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. विहारातून सकाळची वंदना आटोपून अण्णा परत आले की ते इंजिन चालू करून हवा भरायचे, मग बंद करायचे. मी ओढणी कमरेला बांधून, गोणपाट अंथरून खाली सरकायची. कॉक फिरवला की फस्स करून आधी पाणी यायचं, मग पाण्याचे शिंतोडे, मग नुसती हवा. वरून अण्णा विचारायचे, “कोरडी आली?” मी “आली” म्हटलं की ते काठीनं टायरवर दोनदा ठोकायचे. म्हणजे झालं.

मला मात्र तेवढ्यानं होत नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात मी शाळेतून जुनं मोजपात्र आणलं, वही केली आणि रोजचं पाणी मोजायला लागले. टाक्या दोन होत्या. कॉम्प्रेसरची हवा आधी पुढच्या टाकीत जाते, त्यामुळे बहुतेक पाणी तिथेच बसतं आणि मागच्या टाकीत जेमतेम चमचाभर निघतं. रंग राखाडी, तेलाचा तवंग, जळकट वास. ऑगस्टच्या दमट हवेत जास्त, ऊन पडलं की कमी. पुस्तकातलं वाक्य रोज सकाळी माझ्या कोपरावरून ओघळत होतं आणि मी भलतीच खूश होते. आई म्हणायची, “सासरी पाठवायच्या वयात ही गाडीखाली गेली.” मी तेव्हा एकोणतीसची होते, आणि हे वाक्य माझ्या सगळ्या उद्योगांना लागू होतं.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी निघायचं ठरलं. तारीख ठरली तशी आईनं स्वयंपाक बसमध्येच हलवला. हात बसायला पाहिजे म्हणाली. आम्ही घरातून उठून बसमध्ये जेवायला जायचो. आणि नेमकी तेव्हापासून माझी वही बिघडली. हवा कोरडी पडत चालली होती, पुढच्या टाकीतलं पाणी अपेक्षेप्रमाणे घटलं होतं, पण मागची टाकी वाटीभर पाणी टाकायला लागली. मग दोन वाट्या. तेही रोज नाही. एक दिवस भरपूर, दुसऱ्या दिवशी किरकोळ.

इतकं छान कोडं मला कधी पडलं नव्हतं. मी गाडीखालून ओरडून सांगायची, “अण्णा, आज अर्धी बाटली.” एखाद्या पोराला पैकीच्या पैकी पडल्यासारखं सांगायची. अण्णा हूं म्हणायचे. त्यांच्या तोंडाकडे मी बघितलं असतं तर मला कळलं असतं, पण मी बाटलीकडे बघत होते. याची मला अजून लाज वाटते.

ते दर दोन-तीन दिवसांनी सरावासाठी बस बदलापूरपर्यंत नेऊन आणायचे. एका सकाळी मी बरोबर होते. बेलवलीकडच्या एका लहानशा उतारावर समोर भाजीची हातगाडी आडवी आली. अण्णांनी ब्रेक दाबला, बस थांबली, पण त्यांना हवी होती तिथे नाही. हातगाडीवाल्यानं आमच्या बंपरवर हात टेकवला आणि बिनदिक्कत म्हणाला, “चाचा, चश्मा बदलो.” परतीच्या रस्त्यात अण्णा दुसऱ्या गियरच्या वर गेले नाहीत.

त्याच दिवशी जेवताना त्यांनी सांगितलं, “परवा बस उल्हासनगरला देऊन येतो. भंगारवाल्याशी बोलणं झालंय. आपण ट्रेनची तिकिटं काढू.”

मी विचारलं, का म्हणून. कॉम्प्रेसर गेला असेल तर बदलू की.

“कॉम्प्रेसर मी बघितला. नीट आहे,” अण्णा म्हणाले. “पाय नीट नाही. ब्रेक दाबायला उशीर झाला. मला कळलं ते. कसारा घाटात तुझ्या आईला मागे झोपवून असले पाय घेऊन मी जाणार नाही.”

जेवण झाल्यावर आई बसमधली भांडी घरात आणायला लागली. एकदम नाही, एका खेपेला एक. आधी पातेली, मग डबे, मग पोळपाट. इतके दिवस मी ज्याच्याशी खेळत होते ते कोडं नव्हतं, माझ्या आईचं नागपूर होतं, हे मला त्या पोळपाटापाशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी तीन बाटल्या घेऊन शाळेत गेले. एकीत पुढच्या टाकीचं पाणी, दुसरीत मागच्या, तिसरीत घरच्या नळाचं. मागच्या टाकीचं पाणी नुसतंच जास्त नव्हतं, वरचा तवंग सोडला तर ते स्वच्छ होतं. हवेतून सुटलेलं पाणी हे जवळजवळ ऊर्ध्वपातित पाणी, त्यात क्षार नसतात. नळाच्या पाण्यात असतात, आणि ते सिल्व्हर नायट्रेटच्या दोन थेंबांत दिसतात. प्रयोगशाळेत मी तीन परीक्षानळ्या लावल्या. पुढच्या टाकीच्या पाण्यात काही झालं नाही. मागच्या टाकीचं पाणी दुधासारखं पांढरं झालं, घरच्या नळाचंही तसंच. मी पुढचा तास बुडवला आणि रिक्षा केली.

अण्णा बाहेर खुर्ची टाकून बसले होते, उद्याच्या कागदांची पिशवी मांडीवर. मी परीक्षानळ्या त्यांच्या समोर धरल्या. “हे हवेचं पाणी नाही अण्णा, नळाचं आहे. ओट्याच्या टाकीतून हवेच्या नळीवाटे उलटं खाली मागच्या टाकीत येतंय. मी सकाळी काढलं तरी ते पुन्हा उतरत राहतं आणि जागा अडवतं, म्हणून त्या दिवशी ब्रेकला हवा पुरली नाही. तुमचा पाय वेळेवरच पडला होता.”

त्यांनी मान हलवली. “असं होणार नाही. नळी टाकीच्या वरच्या अंगाला जोडलीय. पाणी पाऊण भागाच्या वर गेलं तरच ते नळीत शिरणार. गॅरेजवाल्यानं बजावून सांगितलं होतं, साईं, पाव हिस्सा हवा के लिए छोडना. पाणी परत येऊ नये म्हणून झडपही टाकलीय त्यानं.”

“उल्हासनगरची झडप,” मी म्हटलं. “भंगारातलीच असणार.”

“असू दे. पण टाकी मी स्वतः पाऊण भरलीय. खूण करून ठेवलीय आत.”

आई दारात उभी होती, हातात बसमधला कुकर. ती म्हणाली, “पाऊण कशाला? मी तर काठोकाठ भरते.”

अण्णांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

“पाणी येतं त्या दिवशी भरते की,” ती म्हणाली. “साडेपाचला, तुम्ही वंदनेला जाता तेव्हा. खिडकीतून पाईप टाकते. आधी हवेचा कॉक बंद करते, मग झाकण उघडते. बघितलंय मी तुम्हाला करताना. रिकामी टाकी बघवत नाही मला.”

आमच्याकडे पाणी एक दिवसाआड यायचं. वहीतलं सगळं जास्तीचं पाणी पाण्याच्या दिवशीचं होतं, आणि जिच्या घरात मी एकोणतीस वर्षं राहिले ती बाई पाणी आल्यावर चहाचे कपसुद्धा भरून ठेवते. मला उत्तर सापडायला सिल्व्हर नायट्रेट लागलं.

अण्णांनी तिला सगळं समजावलं. हवा कशी येते, कुठे साठते, जागा नसली तर काय होतं. कुकर कडेवर धरून तिनं ऐकून घेतलं. घाटाचं ऐकल्यावर तिचा चेहरा उतरला आणि ती पायरीवर बसली. मग अण्णांना म्हणाली, “ब्रेकमध्ये पाणी मी घातलं, आणि तुम्ही तुमच्या पायाला दोष देऊन मोकळे झालात? मला एकदा विचारायचं तरी.” अण्णा म्हणाले, “तुला काय विचारणार होतो?” ते खरंच होतं, आणि म्हणूनच तिला लागलं असावं. ती उठून आत गेली. थोड्या वेळानं पोळपाट परत बसमध्ये गेला.

गॅरेजवाल्यानं नवी झडप बसवली. मी चार दिवस मागच्या टाकीचा कॉक उघडला, चारही दिवस चमचाभर राखाडी पाणी निघालं. अण्णा त्याच उतारावरून तीनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा परत आले तेव्हा शीळ घालत होते.

निघायचा दिवस पाण्याचा दिवस होता. मला शाळा होती, मी जाणार नव्हते. साडेपाचला आईनं बसमध्ये उभं राहून बाथरूमच्या खिडकीतून आलेला पाईप टाकीत टाकला; मी खिडकीशी, तोटीजवळ होते. झाकणातून आत अण्णांची लाल रंगाची खूण दिसत होती. पाणी तिथवर आलं. पाईपमधून पाणी अजून जोरात येत होतं, चांगलं तासभर आलं असतं, आणि टाकीत पाव भाग जागा रिकामी होती. आईनं बसच्या खिडकीतून मला हात केला, पण मी तोटी बंद करायला वळले तशी म्हणाली, “थांब, मी करते.” ती घरात आली आणि तिनं तोटी पिळली. येतं पाणी तिनं बंद केलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. तिचा हात तोटीवरच राहिला होता.

“अहो, निघा लवकर,” ती खिडकीतून अण्णांना म्हणाली. “मी इथं उभी राहिले तर परत उघडेन.”