फॉर्मवर मी 'हौ' लिहिलं

मंडळी, आज दुपारी बालाघाटात एका कंपनीत गार्डच्या नोकरीसाठी गेलतो. आता बस स्टँडवर बसून हे लिहून राह्यलो, डोकं अजून गरमच आहे.

सतरा वर्षं मी फौजेत होतो. फॉर्मवर विचारलं होतं, 'आधीच्या नोकरीत कधी शिक्षा झाली काय?' मी लिहिलं, हौ. बाबा गोंदियाच्या दवाखान्यात होते, म्हणून सुट्टीवरून नऊ दिवस उशिरा पोचलो. युनिटले कळवलं नाही, ही चूक माझीच. चौदा दिवस कैद भोगली अन् रेकॉर्डमध्ये लाल शाईनं नोंद झाली.

फॉर्म तपासणारा बाबू म्हणे, "अरे भाऊ, हे काहून लिहिलं? सगळे 'नाही' लिहितात. नवा फॉर्म घ्या, कौन देखता है!"

मी विचारलं, "गेटवर माझं काम काय राहील?"

"रजिस्टर भरणं. कोणती गाडी केव्हा आली, काय घेऊन गेली, सगळं खरं लिहा लागते."

"मंग माझं काम सुरू झालं समजा."

तो फॉर्म घेऊन आत गेला अन् परत आला. "साहेब नाही म्हणते."

नाही तर नाही! त्या चुकीची शिक्षा मी एकदा भोगली, दुसऱ्यांदा भोगणार नाही. उद्या इथून जवळच्या भरवेली गावात दुसरा फॉर्म भरतो, तिथंही 'हौ'च लिहीन.

तुम्हीच सांगा, पहिल्याच कागदावर खोटं लिहिणाऱ्याच्या हाती तुम्ही तुमचं गेट द्याल काय?