कॅमेरा तोंडावर कशाला?

आमची संशोधन संस्था सरकारी अनुदानावर चालते. अधूनमधून बाहेरच्या एखाद्या खात्याचा प्रश्न येतो. खर्च ते उचलतात, आम्ही अभ्यास करून अहवाल देतो. काम कुणाचं, हे माझ्यासारख्या कंत्राटी सहायिकेला कुणी सांगत नाही.

गेल्या वर्षी प्रमुखांनी विचारलं, "तुमच्या आई मागाच्या कारखान्यात आहेत ना? त्या खडखडाटात बायका बोलतात कशा?"

"ओठ बघून. आणि हातांनी," मी म्हणाले. माझी अम्मा कुंभारी गावाजवळच्या टॉवेल कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरते. तिथं शेजारच्या बाईचा शब्द ऐकू येत नाही.

आठवड्याभरात आम्ही तिथं गेलो. सोबत एक पाहुणे होते. बारीक केस, ताठ मान, साधा शर्ट. ओळख कुणी करून दिली नाही. "कानांची तपासणी आहे," प्रमुखांनी बायकांना सांगितलं. मलाही तेच सांगितलं होतं. सोबत आणलेल्या पेटीतून निघाले ते कॅमेरे.

अम्मानं मला बाहेर ओढलं. "कान तपासायचेत, तर कॅमेरा तोंडावर कशाला? आन् त्यो गडी कोण? पोलीस हाय काय?"

"माहीत नाही गं."

"तुला न्हाय म्हाईत, मग कुणाला?"

तिच्यामागं बाकीच्याही येऊन उभ्या राहिल्या. मालकानंच पाळत ठेवायला लावलीय, असं एकीचं म्हणणं. मी आत जाऊन प्रमुखांना विचारलं. ते घुटमळले. शेवटी पाहुणेच हिंदीत म्हणाले, "मी सैन्यातला आहे. रणगाड्यात इंजिनापुढं काही ऐकू येत नाही. वायरलेस बंद पडला तर जवानांनी कसं बोलायचं, ते बघायचंय."

"मग हे त्यांनाही सांगा," मी म्हणाले.

त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. अम्मा त्यांच्याकडं बघत राहिली. "आधीच सांगायला काय झालं हुतं की?"



अम्मा आणि आणखी तिघी राजी झाल्या. पण कॅमेऱ्यापुढं त्यांची बोटं धागा, कांडी, चहा यापलीकडं गेलीच नाहीत. मालकाची टिंगल नाही, सुनेचं गाऱ्हाणं नाही. त्या मुद्दाम हात राखतायत, हे मला कळत होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही.

अहवाल गेला, मला तो दाखवला नाही. रणगाड्याचं खरं असेलही. पण लांबून कुणाचे ओठ चोरून वाचायलाही हा अभ्यास उपयोगी पडेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही. सध्या प्रमुख दुसऱ्या एखाद्या कारखान्याचं नाव मागतायत. मी अजून दिलेलं नाही.