शांत मुलीचा आवाज

एकोणतीस वर्षं ती एका मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होती. निवृत्तीनंतर दिवस खायला उठले, तेव्हा ती अंधांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून द्यायला जाऊ लागली. आठवड्यातून तीन दुपारी, जाड पडद्यांच्या बंद खोलीत, माइकसमोर. बाकीचे चार दिवस दुकानदाराशी दोन शब्द झाले तर झाले.

त्या वर्षी तिच्याकडे एक कादंबरी आली, एकाच घरात वाढणाऱ्या दोन मावसबहिणींची. एक तोंडाळ. दारं आपटायची, मोठ्यांना उलट बोलायची आणि अठराव्या वर्षी बॅग भरून चालती झाली. दुसरी शांत. आजारी मामाचं सगळं करत तिथेच राहिली. वाचायला घेतलं त्या पहिल्याच दिवशी तिने ठरवलं, शांत मुलगी आपली. ती स्वतः तशीच होती. तिचीही एक मावसबहीण होती, नर्सिंग शिकायला म्हणून परदेशी गेली ती तिकडचीच झालेली.

सात प्रकरणं झाल्यावर ध्वनिमुद्रण करणारे गृहस्थ काचेपलीकडून आत आले. उगाच घसा खाकरत म्हणाले, "ताई, तुमची तोंडाळ झकास उतरलीय. शांत मुलगी बोलते तेव्हा मात्र कुणी सामानाची यादी वाचतंय असं वाटतं."

तिला ते लागलं. घरी गेल्यावर पेन्सिल घेऊन बसली आणि दोघींच्या वाक्यांखाली खुणा करत गेली. तोंडाळ मुलगी सारखी काही ना काही मागायची: खिडकीजवळची जागा, नवे बूट, एकदा तर आईकडून माफी. शांत मुलीने तीनशे पानांत काहीच मागितलं नव्हतं. फक्त बहिणीची बस सुटताना ती म्हणते, "मला कुणी विचारलंच नाही."

तिथे पेन्सिल थांबली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मावसबहिणीला फोन लावला. गुडघे, ब्लडप्रेशर, तिकडची थंडी, सगळं बोलून झालं. मग तिने विचारलं, "तेव्हा तू नर्सिंगचा अर्ज एकच का आणलास?"

"तू येणार नाहीस असं सगळ्यांनी धरलंच होतं गं," मावसबहीण म्हणाली. "मीही."

"मी आले असते."

"आता काय बोलू मी?"

"काही नको. नुसतं सांगितलं."

फोन ठेवल्यावर ती तशीच बसून राहिली. रडू आलं नाही. चहा निवून त्यावर साय धरली.

पुढच्या खेपेला तिने शांत मुलीची सगळी वाक्यं पहिल्यापासून पुन्हा वाचायची म्हणून सांगितलं. गृहस्थ कामाच्या नावाने थोडे कुरकुरले, मग तयार झाले. या वेळी तिने प्रत्येक वाक्याआधी एक श्वास घेतला. काही मागायचं ओठांवर आलंय आणि गिळलंय, असा. बसचा प्रसंग झाला तेव्हा गृहस्थांनी काचेपलीकडून नुसती मान डोलावली.

कादंबरी ग्रंथालयात गेली. कुणी ऐकली, कुणाला दोघींतली कोण भावली, ते तिला कधी कळलं नाही. मावसबहिणीचे आता अधूनमधून फोन येतात. दोघी हवापाण्याचं बोलतात. तो विषय पुन्हा निघालेला नाही.

नंतर तिला मधमाश्या पाळण्यावरचं पुस्तक वाचायला मिळालं. त्यात कुणीच कुणाशी बोलत नव्हतं.