तोंडात पदर धरणारी बाई

भूतबित, चकवा-फिकवा… माझा कशावरच विश्वास नव्हता, आजही नाही. मॅट्रिक शिकलेली बाई आहे मी! पण ही एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही, म्हणून लिहिते.

आणीबाणी नुकतीच उठली होती. वडनेर भोलजीला आम्ही दोघंच — मी आणि माझे मालक, शाळेतून रिटायर झालेले गुरुजी. मूलबाळ नाही. त्यांना कंपवात. हात थरथरत, चेहरा लाकडासारखा. पुढच्या खोलीत खाटेवर पडून असत. दिवसदिवस माझ्याशी एक शब्द नाही.

अन् एकदा चहाच्या वेळी ते दाराकडे बघून चक्क हसले!

"त्या बाईले बसाले दे वं."

"कोन्त्या बाईले? घरात तुमी न् मी!"

"हे काय… उभी हाय नं."

मग रोज तीच बाई. "बसा नं बाई, काऊन उभ्या?" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड! हगणंमुतणं मी काढायचं, अन् हसू तिच्यासाठी?

एस.टी.नं बुलढाण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, "मेंदूचा पाहण्याचा भाग नीट काम करत नाही. मग स्वतःच चित्रं रचतो. त्यात कंपवाताची ही गोळी भर घालते."

"मंग घालवा त्या बाईले," मी म्हटलं.

डोस कमी केला. आठ दिवसांत बाई बंद. पण हातपाय आखडले, अन् गुरुजी पार मुके झाले.

महिनाभरानं आपणहून बोलले, "ते बाई येत नाई आता."

"कशी होती तरी?" मी पहिल्यांदाच विचारलं.

"तोंडात पदर कोंबून रडे. लुगड्याले कुटार लागलेलं. बांगड्या वर सारलेल्या, वाजू नये म्हून… कोनी जवळ बसाले पायजे होतं वं तिच्या."

मी आधी माझ्या लुगड्याकडं पाहिलं. रोज दुपारी, ह्यांचा डोळा लागला की, मी मागच्या गोठ्यात कुटाराच्या, म्हणजे गुरांच्या भुशाच्या, ढिगावर बसून रडायची. तश्शीच! मग लुगडं झटकून, तोंड धुऊन घरात यायची. मधे दोन भिंती. कोणाला म्हणून सांगितलं नव्हतं.

'ते मीच होती जी' — एवढंच म्हणायचं होतं. पण "असंल कोनी," म्हटलं अन् चहा टाकायला उठले.

पुढच्याच हिवाळ्यात गुरुजी गेले. डॉक्टरांचं सगळं पटतं मला, पण भिंतीपलीकडचं कुटार त्यांना कसं दिसलं, हे कोणीच सांगू शकलं नाही. मी अजून गोठ्यात जाते. मला रडताना पाहणारा जगात एकच माणूस होता, अन् त्याला दिसायचं मीच बंद करून घेतलं.